पट्टी सोडवताना

सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंगची ट्रॉली आत आली की चाकांच्या आवाजानेच पेशंट चादर मुठीत धरायचे. जखमेला हात लावायचा म्हणजे दुखणारच, असं मीही बरीच वर्षं मानत होते. आता घरोघरी ड्रेसिंगला जाते आणि नव्या नर्स मुलींना आधी हेच मनातून काढायला सांगते. युरोपियन वूंड मॅनेजमेंट असोसिएशन या जखमांवरच्या उपचारांसाठी काम करणाऱ्या संघटनेने २००२ साली मांडलं होतं की सगळ्यात जास्त दुखतं ते जुनी पट्टी काढताना, आणि त्यातही वाळून चिकटलेला गॉज, म्हणजे जखमेवरचं जाळीदार सुती कापड, सर्वांत वाईट. म्हणजे हे दुखणं बरंचसं आपल्या हातात आहे.

सुरुवात घराबाहेरूनच होते. मी सकाळी फोन करते, "काका, अकराला येते. डॉक्टरांनी दिलेली गोळी सव्वादहाला घ्या." पोटात गेलेल्या गोळीला पाऊण तास तरी हवा. दारात पोचल्यावर घेतलेली गोळी मी निघाल्यावर लागू पडते.

सलाईनची बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा, मनगटावर थेंब टाकून बघा. गार सलाईन उघड्या जखमेवर कळ आणतं. मग गॉज पूर्ण भिजवा आणि दहा मिनिटं थांबा. ही दहा मिनिटं कुणी देत नाही, म्हणून पेशंट ओरडतात. चिकटपट्टी वर ओढायची नाही. एका हाताने कातडी दाबून धरायची आणि पट्टी कातडीला समांतर, केसांच्या दिशेने, हळूहळू मागे दुमडत न्यायची. गॉज अडला तर पुन्हा भिजवा. खेचलात तर नुकतं भरत आलेलं लालसर मांस सोबत निघतं आणि जखम मागे जाते.

धुताना घासू नका, सिरिंजने सलाईन सोडा. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या जखमेपासून लांब ठेवा. पायाच्या शिरांच्या विकारामुळे झालेल्या जखमेतलं मेलेलं मांस काढायचं असेल तर डॉक्टरांना बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल विचारा. लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम ३० ते ४५ मिनिटं आधी लावल्याने दुखणं कमी होतं, हे चाचण्यांत दिसलंय.

आणि विचारा. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर काका दरवेळी "काही नाही सिस्टर" म्हणायचे. शून्य ते दहात आकडा सांगा म्हटल्यावर म्हणाले, "सात." डॉक्टरांशी बोलून साध्या गॉजऐवजी जखमेवर सिलिकॉनची जाळी सुरू केली. महाग आहे, पण सुटताना चिकटत नाही. तिसऱ्या वेळेला आकडा तीनवर आला. आधी, मध्ये, नंतर, तिन्ही आकडे मी वहीत लिहिते. हात वर केला की मी थांबणार, हेही आधीच ठरवते आणि खरंच थांबते.

आकड्याबरोबर शब्दही ऐका. झोंबतंय म्हणाले तर वापरलेलं औषध किंवा भोवतालची कातडी बघा. ठणका वाढतोय म्हणाले तर आत पू असू शकतो. मधुमेहाचा बधिर पाय अचानक ठणकू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

स्वस्तातलं काही नाही का, असं घरचे विचारतात. भाजलेल्या जखमांसाठी केळीच्या पानाच्या ड्रेसिंगवर मुंबईतल्या डॉक्टरांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पान चिकटत नाही, म्हणून सुटताना त्रास होत नाही. पण ती पानं निर्जंतुक केलेली असतात. परसातलं पान धुऊन लावू नका.