मणी निळे झाले म्हणजे तांबं निघालं असं नाही: या चुका टाळा

कायटोसनचा (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणाऱ्या पदार्थाचा) पांढुरका मणी मोरचुदाच्या पाण्यात टाकला की हळूहळू निळा होतो. कायटोसनचे अमीन गट (रेणूतले नायट्रोजनचे भाग) तांबं धरून ठेवतात, म्हणून एकाच मण्यात तांबं ओळखता येतं आणि काढताही येतं. पण हा निळा रंग फसवतो, आणि बहुतेक वेळा कारण एकच: मणी नीट धुतलेले नसतात.

२ ग्रॅम कायटोसन १०० मिली २ टक्के अॅसेटिक आम्लात रात्रभर ढवळून सिरिंजने थेंबाथेंबाने १ मोलर कॉस्टिक सोड्यात सोडलं की मणी तयार होतात. कॉस्टिक मात्र गाभ्यापर्यंत शिरलेला असतो. चार वेळा पाणी बदललं, सामू (pH) ७ दिसला, की घाईतली मंडळी मणी थेट तांब्याच्या पाण्यात टाकतात. मग आतला कॉस्टिक सावकाश पाझरतो. लिटरला १०० मिलीग्रॅम तांबं असेल (म्हणजे लिटरभर पाण्यात ०.३९३ ग्रॅम मोरचूद), तर सामू ६ कडे सरकताच तांबं हायड्रॉक्साइड होऊन गाळ बनतं. मणी निळे, वरचं पाणी नितळ, वहीत 'जवळजवळ सगळं तांबं काढलं' अशी नोंद. पुढची बॅच कुणी नीट धुतली की आकडा धाडकन खाली येतो आणि दोष कायटोसनच्या माथी मारला जातो. खरं तर पहिल्या बाटलीच्या तळाशी निळसर गाळ होता. सौम्य आम्लाच्या थेंबाने तो लगेच विरतो, पण बाटली तिरकी करून बघतो कोण?

एक मणी ब्लेडने कापा आणि गाभ्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचा) थेंब सोडा. कडा पांढरी आणि मधोमध गुलाबी ठिपका दिसला तर धुणं बाकी आहे. ठिपका दिसला नाही तरी मणी रात्रभर डिस्टिल्ड पाण्यात ठेवून सकाळी त्या पाण्याचा सामू मोजा, कारण ८ च्या खाली फिनॉल्फ्थॅलिन काहीच सांगत नाही. शिवाय तेच तांब्याचं पाणी, मणी न टाकता, त्याच शेवटच्या सामूवर आणलेली एक बाटली शेजारी हवीच, म्हणजे नुसत्या गाळाने किती तांबं गेलं ते कळतं. तिच्याशिवाय आलेला आकडा आम्ही धरत नाही.

नमुना टिकवायला नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली नेणं योग्यच. पण त्यात तसेच मणी टाकले तर ते फुगून लिबलिबीत होतात आणि विरघळतात. आधी सामू ५ ला आणा. ग्लुटाराल्डिहाइडने (कायटोसनचे धागे एकमेकांना जोडणाऱ्या रसायनाने) पक्के केलेले मणी आम्लात टिकतात, पण त्यात अमीन गट खर्ची पडतात आणि मणी पिवळट होतात, म्हणून फिका निळा त्यांवर हिरवट दिसतो.

तांब्याऐवजी शिसं तपासायचं असेल तर फॉस्फेट बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण) वापरू नका, शिसं गाळ होऊन बसतं.

शिसं ओळखायला वापरतात ते डायथायझोन हे रंग बदलणारं रसायन शिशाने लाल होतं, तसंच जस्तानेही होतं. उजेडात ठेवलं तर ते स्वतःच खराब होतं, म्हणून गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा.

आणि रंग दिसला नाही म्हणून पाणी पिऊ नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० मध्ये शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलीग्रॅम आहे. ती डोळ्याने ठरत नाही, नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

वापरलेले मणी बेसिनमध्ये नको. धातूचं नाव लिहिलेल्या, झाकणाच्या डब्यात ठेवा.