पहिल्या लढतीआधीचे बारा आठवडे: केजमध्ये उतरणाऱ्या मुलींसाठी

वजनकाट्यावर चढले तेव्हा माझे ओठ फुटले होते आणि बोटांना मुंग्या येत होत्या. माझं रोजचं वजन 62 किलो. एमएमएची, म्हणजे ठोसे, किक आणि कुस्तीसारख्या पकडी असं सगळं चालणारी, जाळीच्या पिंजऱ्यातली (केजमधली) लढत ठरली होती 125 पौंडांच्या, म्हणजे 56.7 किलोच्या फ्लायवेट गटात. शेवटच्या सहा दिवसांत मी सव्वापाच किलो उतरवले, त्यातले बरेचसे नुसते घामावाटे. कोच म्हणाले, सगळे असंच करतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण माझ्याआधी त्यांनी फक्त मुलगेच तयार केले होते हे तेव्हा मला खटकलंच नाही. लढतीच्या दुसऱ्या फेरीत समोरच्या मुलीने माझा पट काढला, मी पाठीवर पडले आणि उठताच आलं नाही. डाव माहीत होता, अंगात दम नव्हता. गळा आवळला गेला आणि मी टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली.

म्हणून मी तयार करत असलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते: पहिली लढत तुझ्या रोजच्या वजनाच्या सगळ्यात जवळच्या गटात खेळायची. महिलांचे नेहमीचे गट 105, 115, 125, 135 आणि 145 पौंडांचे, म्हणजे 47.6, 52.2, 56.7, 61.2 आणि 65.8 किलोंचे. प्रत्येक पायरीत साधारण साडेचार किलोंचं अंतर. तुझं वजन 58 असेल तर 56.7 ठीक आहे. तेवढं जेवणातल्या फरकाने बारा आठवड्यांत आरामात उतरतं. माझ्या 62 किलोंना 61.2 चा गट होता. फक्त 800 ग्रॅम उतरवायचे होते, आणि मी खालच्या गटाच्या मागे लागले, कारण तिथे मी उंच दिसेन असं वाटलं.

शेवटच्या आठवड्यात शरीराच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांहून जास्त उतरवायचं नाही, ही माझी स्वतःची मर्यादा आहे आणि मी ती कोणासाठीही मोडत नाही. व्यावसायिक लढतीत वजन आदल्या दिवशी होतं, त्यामुळे पाणी भरून काढायला थोडा वेळ मिळतो. हौशी स्पर्धांत ते अनेकदा लढतीच्याच दिवशी सकाळी होतं. सुकलेल्या शरीराने डोक्यावर मार खाणं धोक्याचं असतं, हे विसरू नकोस.

आता पाळीबद्दल, कारण यावर कोच लोक गप्प बसतात. लढत ठरायच्या आधी निदान तीन महिने वहीत रोज सकाळचं वजन आणि पाळीच्या तारखा लिही. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी धरून राहतं. कोणाचं अर्धा किलो वाढतं, कोणाचं दीड. माझ्या त्या लढतीनंतर दोन दिवसांनी पाळी येणार होती. काटा खाली का येत नाही हे मला कळत नव्हतं, आणि मी आणखी उपाशी राहत गेले. वही असती तर मी तारीख तरी पुढे मागितली असती. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नकोस, डॉक्टरांशी बोल. पाळी चालू असताना लढायला हरकत नसते. मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन वापरणार असशील तर त्याची सवय सरावातच करून घे, लढतीच्या दिवशी नवं काही नको.

आणि पाळी येणंच थांबलं, तर ती चांगल्या फिटनेसची खूण समजू नकोस. व्यायामाच्या मानाने जेवण कमी पडतं आहे, असा त्याचा बहुतेकदा अर्थ असतो. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. हाडं कमजोर होतात, दुखापत भरत नाही, थकवा जात नाही. अशा वेळी मी तयारी थांबवते आणि आधी मुलीला डॉक्टरांकडे पाठवते. लढत काय, पुन्हा मिळेल.

सरावात पहिला हक्क कशाचा? उठण्याचा. ठोसे, किक, सबमिशन (हार मानायला लावणाऱ्या पकडी) सगळं शिकवते, पण नवख्या मुलींच्या लढती मी जमिनीवरच जास्त हरलेल्या पाहिल्या आहेत, अगदी माझ्यासारख्या. म्हणून रोज सरावाची पहिली पंधरा मिनिटं जमिनीवरून सुरू होतात, अंग गरम झालं की लगेच. जोडीदार वर, तू पाठीवर. पाठ सपाट ठेवायची नाही, आधी कुशीवर वळ. एक हात तिच्या मानेपाशी अडसर म्हणून लाव, कोपर बरगड्यांना चिकटलेलं. कंबर सरकवून जागा कर. मग खालच्या कोपरावर, कोपरावरून तळव्यावर, पाय अंगाखालून मागे ओढ आणि हात चेहऱ्यासमोर ठेवूनच उभी राहा. वाकून, नजर खाली घालून उठलीस तर गुडघा किंवा गळ्याला पकड ठरलेली. केजच्या जाळीपाशी अडकलीस तर जाळीला पाठ लाव, तिच्या काखेखालून हात घाल आणि पाय रुंद ठेव. दोन-दोन मिनिटांच्या पाच फेऱ्या, दर वेळी वेगळा जोडीदार. सहाव्या आठवड्यापर्यंत हे शरीराला विचार न करता जमायला लागतं.

यासाठी मी मुलींना एक जुनी लढत दाखवते: 23 फेब्रुवारी 2013, रोंडा रौसी विरुद्ध लिझ कार्मूश, यूएफसी या एमएमएच्या मोठ्या व्यावसायिक संस्थेतली महिलांची पहिलीच लढत. सगळ्यांना आठवतो तो शेवटचा आर्मबार (कोपर उलटं ताणणारी पकड), पहिल्या फेरीच्या 4:49 ला. मला त्याआधीचा भाग दाखवायचा असतो. कार्मूश रौसीच्या पाठीवर चढली होती, मान आवळत होती, आणि ऑलिम्पिकमध्ये ज्युदोचं पदक मिळवलेली ती खेळाडू उभ्या-उभ्या अडकली होती. ती गडबडली नाही. पकड सोडवली, कार्मूशला अंगावरून खाली टाकलं आणि मगच हल्ला केला. तेच मुलींनी डोळ्यांनी पाहावं असं मला वाटतं.

पावणेतीन वर्षांनी, नोव्हेंबर 2015 मध्ये, हॉली होमने याच रौसीला दुसऱ्या फेरीत डोक्यावर किक मारून पाडलं. होम मूळची बॉक्सर. ती सरळ मागे गेली नाही, बाजूला सरकत राहिली आणि रौसीला पकड घ्यायला जवळ येऊच दिलं नाही. तुझी ताकद उभ्याने लढण्यात असेल तर त्या लढतीत होमचे हात बघू नकोस, पावलं बघ.

जोडीदारांचा प्रश्न प्रत्येक मुलीला येतो, कारण बहुतेक जिममध्ये मुली कमीच असतात. काही मुलगे इतके हळू खेळतात की तुला कशाचाच सराव होत नाही. काही जण हरायला नको म्हणून अख्खं वजन टाकतात, आणि खांदा नाहीतर गुडघा जातो. तुझ्या वजनाच्या जवळचा, अनुभवी, शांत डोक्याचा जोडीदार निवड. फेरी सुरू होण्याआधीच त्याला स्पष्ट सांग: वेग पूर्ण, ताकद अर्धी, टेकडाउन (जमिनीवर पाडायची संधी) मिळाला तर सोडू नकोस. ऐकलं नाही तर त्याच्याबरोबर पुढची फेरी खेळू नकोस, कोच काही म्हणोत. जिथे नको तसा स्पर्श होतो आणि तक्रार केल्यावर ती हसण्यावारी नेली जाते, ती जिम त्याच दिवशी सोड. जोराचं स्पारिंग (सरावाची लढत) आठवड्यातून एकदाच, आणि शेवटचे दहा दिवस डोक्याला अजिबात मार नको.

सामानात दातांच्या डॉक्टरांकडून माप देऊन केलेला माउथगार्ड आणि घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा यांवर तडजोड करू नकोस. ब्रामध्ये धातूची तार, हूक किंवा चेन नको. केसांच्या डोक्याला चिकटून घट्ट वेण्या घाल आणि रबरबँडने बांध, पिना चालत नाहीत. वेण्या आदल्या दिवशी घालून त्यांच्यासह एकदा जमिनीवर लोळून बघ; सैल झालेले केस डोळ्यांत आले की ठोसा दिसत नाही. नखं काप.

कागदपत्रांत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्ततपासण्या मागतात, आणि महिलांकडून अनेक ठिकाणी गरोदर नसल्याची चाचणीही. हे सगळं निदान तीन आठवडे आधी विचारून घे. नियमही लेखी मागून वाच: हौशी लढती बहुतेक तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांच्या असतात आणि कोपराचे वार सहसा बंद असतात. व्यावसायिक फेरी पाच मिनिटांची असते, तो दम वेगळा.

दुसऱ्या लढतीला मी 61.2 मध्ये उतरले. सकाळी नीट जेवले होते. तिनेही मला पाडलं, दोनदा, आणि दोन्ही वेळा मी उठले. निकाल पंचांवर गेला आणि माझ्या बाजूने लागला.

लढत संपल्यावर जिंकलीस तरी डॉक्टरांसमोर बस. डोकं दुखणं, उलटी, उजेड सहन न होणं, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना, आणि डॉक्टरांनी मोकळी करेपर्यंत स्पारिंग बंद. लढतीचा व्हिडिओ मी मुलींबरोबर चौथ्या दिवशी बघते, आवाज बंद करून. मुलगी प्रत्येक वेळी खाली गेली की किती सेकंदांत उठली, तेवढंच आम्ही वहीत लिहितो, त्याच वजनाच्या आणि तारखांच्या वहीत.