ग्रीसमध्ये फॅमिलीसाठी शिडाची बोट घ्यायचीय? आधी वारा बघा

ग्रीसमध्ये आठवडाभर यॉट भाड्याने घ्यायची म्हटलं की सगळे आधी बोटीचे फोटो बघत बसतात, केबिन किती, डेक कसा, आणि समुद्र कुठला हा विचार सगळ्यात शेवटी. उलट करा. सँटोरिनी-मिकोनॉसच्या नादात सायक्लॅडिझची बेटं घेतलीत आणि गेलात जुलै-ऑगस्टात, तर मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा तिथे कधीकधी सलग तीन-चार दिवस २५-३० नॉटने, म्हणजे ताशी साधारण ४५-५५ किलोमीटरने झोडपतो, पट्टीच्या सेलरला मजा येईल पण लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर बंदरात अडकून पडाल.

फॅमिलीसाठी आयोनियन समुद्र घ्या, म्हणजे पश्चिमेकडची लेफकाडा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया. सकाळी पाणी शांत, दुपारी वायव्येचा मैस्ट्रो सुटतो आणि बहुतेक वेळा दिवस मावळला की पडतो. बेटं जवळजवळ आहेत, रोज १०-१५ समुद्री मैल बास, म्हणजे तीनेक तास, बाकी वेळ पोहायला. मे-जून नाहीतर सप्टेंबर बेस्ट.

स्वतः चालवायची बोट, म्हणजे बेअरबोट, घ्यायची तर मान्यताप्राप्त लायसन्स लागतं, शिवाय अनुभव असलेला दुसरा माणूस पण लागतो, मुंबईत क्लबात डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, चालवलीय एवढ्यावर भागत नाही. सरळ स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान, घ्या. दिवसाला साधारण २०० युरोच्या आसपास, जेवण आपल्याकडे आणि झोपायला केबिन पण त्याला द्यायची, त्यामुळे तीन केबिनची बोट घेतली तर तुमच्या वाट्याला दोनच हे हिशोबात धरा. कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची रुंद बोट, महाग पडते पण कलत नाही, आई-बाबा असतील तर मी तीच घेईन.

भाड्याच्या आकड्यावर जाऊ नका. डिझेल, शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल बहुतेक वेळा वेगळे, वर दोन-तीन हजार युरो डिपॉझिट क्रेडिट कार्डावर ब्लॉक करतात, तेव्हा कार्डाचं इंटरनॅशनल लिमिट निघायच्या आधीच वाढवून घ्या. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही.

सामान मऊ बॅगेतच भरा, कडक सुटकेस बोटीत ठेवायला जागाच नसते. ज्याला गाडी लागते त्याला बोट लागणारच, गोळी निघायच्या तासभर आधी, आणि वर वाऱ्यात क्षितिजाकडे बघत बसायचं, खाली केबिनमध्ये मोबाईल घेऊन बसलेला पहिला आडवा होतो. छोटा कुकर आणि खिचडीचं सामान न्या, गॅसच्या शेगड्या असतात. बाहेर शाकाहारी लोकांना अडचण नाही, पालकाची स्पानाकोपिता, टोमॅटोच्या रश्शातले मोठे पांढरे घेवडे, फावा म्हणजे डाळीचं घट्ट वरण. बऱ्याच गावांत टॅव्हर्नाच्या, म्हणजे तिथल्या खाणावळीच्या, धक्क्यावर बोट फुकट लावू देतात, फक्त रात्री तिथेच जेवायचं.

बोटीवरच्या टॉयलेटचं सगळ्यांना पहिल्याच दिवशी नीट सांगा. आधी पाणी आत घ्यायचं, मग हाताने पंप मारत राहायचं, आणि कागद कधीच आत नाही, बाजूच्या पिशवीत. तुंबलं तर खोलायचं कोणी हा प्रश्न भर समुद्रात येतो.

धक्क्याला लागताना तिथे बोट आडवी लावत नाहीत, लांबवर नांगर टाकून रिव्हर्समध्ये येतात आणि मागच्या बाजूने दोन दोर बांधतात. तेवढी दहा मिनिटं पोरांना कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या खोलगट जागेत, बसवून ठेवा आणि बोट धक्क्याला आपटेल वाटली तरी हातपाय मध्ये घालून अडवू नका, कित्येक टनांची असते ती, त्यासाठी बाजूला टांगलेले फुगीर फेंडर आहेत. पोरांच्या मापाची लाइफ जॅकेट्स आणि कठड्याला जाळी हे बुकिंगच्या वेळीच लिहून मागा.

बोट बहुतेक शनिवारी मिळते. ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा. परत शुक्रवारी संध्याकाळी आणायची, सगळ्याच बोटी तेव्हा येतात आणि डिझेलला ही लाइन लागते, तेव्हा दुपारी चारच्या आत पोचायचं बघा.