पालक ऊसतोडीला निघालेत? पोरांना गावातच शाळेत कसं ठेवायचं

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नवीन आला असाल तर एक गोष्ट आधी सांगतो, दिवाळीच्या सुट्टीनंतर पालकांना समजवायला जाऊन काही उपयोग नसतो. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे लोक पावसाळ्यातच घेऊन बसलेले असतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तो ठरलेला असतो, आणि पोरांचं काय करायचं हे मात्र निघायच्या आदल्या रात्री ठरवतात, म्हणजे ठरवत नाहीतच, सामानाबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसवतात. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरलाच यादी करा. कोण जाणार, किती पोरं, घरात मागं कोण राहणार. पोरांनाच विचारा, त्यांना सगळं माहीत असतं, उचल किती घेतली ते पण सांगतात.

यादी झाली की हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीला लवकर द्या. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावात बिल्डिंग वगैरे काही नसते, पोरं रात्री नातेवाइकाकडं झोपतात आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण तिथं मिळतं, दुपारचा शाळेचा पोषण आहार असतोच. अनुदान वेळेवर येईलच असं धरून चालू नका, किराणा दुकानदाराशी उधारीचं आधीच बोलून ठेवा.

आता खरी अडचण. पूर्वी प्रत्येक घरात म्हातारी मागं राहायची, ढोरं आणि नातवंडं दोन्ही सांभाळायची. आता पोरींची लग्नं लवकर होतात त्यामुळं चाळिशीतच आजी झालेली बाई स्वतःच कोयता घेऊन निघते, आणि भाऊ भाऊ वेगळे राहतात, कुणी पुण्याला कंपनीत, मग पोरगं ठेवायचं कुणाकडं? तुम्ही बापाशी कितीही बोला, तो हो सर हो सर करतो. बोलायचं असेल तर आईशी बोला, आणि ती ज्या चुलतीवर किंवा मावशीवर विश्वास ठेवते तिलाही सोबत बसवा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असाव्यात असं 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात आहे, त्या कागदावरच्या सह्यांपुरत्या ठेवू नका, दुसऱ्या बाईच्या घरी पोरगी ठेवायची तर आई सरांचं ऐकत नाही, बाईचंच ऐकते. सहावी-सातवीच्या पोरीसाठी पहिला प्रश्न असतो ती रात्री झोपणार कुठं, शिक्षण-बिक्षण नंतर.

आणि लहान भावंड असेल तर ते पण मोजा. तळावर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या वस्तीवर, आई-बाप पहाटे अंधारातच फडात म्हणजे उसाच्या शेतात जातात, मग कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, तान्ह्या पोराजवळ कोण, तर तुमची चौथीतली विद्यार्थिनी. अंगणवाडीच्या वयाचं भावंड गावात राहिलं तर मोठीही राहते, नाहीतर दोघंही जातात.

जे जाणारच त्यांना शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावं म्हणूनचं) भरून द्या, हजेरीपटावरून नाव लगेच उडवू नका. आईला सांगा, जिथं जाल तिथल्या शाळेत दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, त्याच 2009 च्या कायद्यानं तसं आहे. सांगली, कोल्हापूरकडं गेले तर ठीक, कर्नाटकात आतल्या भागात गेले तर कन्नड शाळेत पोरगं काय करणार, तिथं पुस्तकं सोबत द्या आणि तळावर कुणी शिकलेलं पोरगं असेल तर त्याचा नंबर घ्या.

फोनचं पण बघा. पूर्वी मुकादम आला तरच खुशाली कळायची, आता रोज व्हिडीओ कॉल. चांगलंच आहे, पण जेवायच्या आधी कॉल लागला की बारकी पोरं ताटावरून उठतात, आई दिसते ना, रडारड सुरू. जेवण झाल्यावरची वेळ ठरवा आणि कॉलनंतर लगेच झोपवू नका, पत्ते, गाणी, गोष्टी, काहीतरी चालू द्या.

मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की गेलेली पोरं परत येतात. आल्या आल्या चाचणी घेऊ नका. मोळ्या किती बांधल्या, गाडीत किती टन भरला, वाढे (उसाचे शेंडे) काय भावानं विकले हे विचारत बसा, गुणाकार कुठवर येतो ते दहा मिनिटात कळतं. वाचनाचं मात्र मागं पडलेलं असतं, त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीतलं रोज सकाळचं तासभर द्यावंच लागतं.