धातूला बांधलेलं गंधक आणि सिंग्लेट ऑक्सिजन: या चुका टाळा

निकेल थायोलेटच्या, म्हणजे गंधकामार्फत निकेलला बांधलेल्या संयुगाच्या, द्रावणात रोझ बेंगाल हा प्रकाश शोषून ऑक्सिजनला ऊर्जा देणारा रंग घातला, हिरवा प्रकाश सोडला आणि सिंग्लेट ऑक्सिजनची (जादा ऊर्जा असलेल्या ऑक्सिजनची) १२७० नॅनोमीटरजवळची चमक झपाट्यानं विझली. वहीत लगेच नोंद होते: ‘अभिक्रिया फार वेगवान.’ सगळ्यात जास्त वेळा पाय घसरतो तो इथेच. चमक विझली म्हणजे सिंग्लेट ऑक्सिजन संपला, एवढंच कळलं. तो गंधकाला चिकटला, की मोलमागे ९४ किलोज्यूलची जादा ऊर्जा टाकून गुपचूप साधा ऑक्सिजन झाला, ते अजून कळायचंच आहे.

निकेलच्या बाबतीत तर शंका जरा जास्तच घ्यावी. निकेल डायथायोकार्बामेटसारखी कॉम्प्लेक्स (मध्ये धातू आणि त्याला जोडलेले रेणू किंवा आयन अशी संयुगं) सिंग्लेट ऑक्सिजन विझवण्यात इतकी पटाईत, की पॉलिमर प्रकाशात लवकर खराब होऊ नये म्हणून ती त्यात मिसळतात. म्हणून दोन वेगस्थिरांक वेगवेगळे काढा. एकूण क्वेंचिंगचा, म्हणजे सिंग्लेट ऑक्सिजन विझण्याचा, स्थिरांक चमकीच्या क्षयावरून मिळतो. खऱ्या अभिक्रियेचा मात्र उत्पादन मोजूनच काढावा लागतो, आणि त्यासाठी ज्याचा वेग आधीच माहीत आहे अशा पदार्थाशी स्पर्धा लावणं हा सरळ मार्ग. दोन्ही आकड्यांत जी तफावत येते, तेवढा ऑक्सिजन काही न करता परत गेला.

दुसरी चूक सेंद्रिय सल्फाइडांचे (दोन कार्बनांमध्ये गंधक असलेल्या संयुगांचे) नियम जसेच्या तसे इकडे आणण्याची. तिथे आधी गंधकाला ऑक्सिजनचा आख्खा रेणू चिकटून परसल्फॉक्साइड बनतं, मिथेनॉलमध्ये हायड्रोजन बंधाचा आधार मिळाला की ते दुसऱ्या सल्फाइडला गाठतं आणि एका ऑक्सिजन रेणूमागे दोन सल्फॉक्साइड (गंधकावर एकेक ऑक्सिजन अणू) मिळतात. धातूवरच्या थायोलेटमध्ये बऱ्याचदा दोन्ही ऑक्सिजन अणू एकाच गंधकावर येतात आणि सल्फिनेट तयार होतं. तेव्हा हिशेब मांडताना एका रेणूला दोन उत्पादनं असं गृहीत धरू नका. द्रावक बदलला तर हिशेबही पुन्हा करा.

आता जड पाण्याची, म्हणजे साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या पाण्याची, गोष्ट. साध्या पाण्यात सिंग्लेट ऑक्सिजन साधारण ३.५ मायक्रोसेकंद टिकतो, जड पाण्यात ६५ च्या आसपास. त्यामुळे ‘जड पाण्यात वेग वाढला नाही, म्हणजे सिंग्लेट ऑक्सिजन नाहीच’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. थोडं गणित करून पाहा. कॉम्प्लेक्स १ मिलिमोलर आहे आणि त्याचा एकूण क्वेंचिंग स्थिरांक प्रति मोलर प्रति सेकंद एक अब्ज आहे, असं धरू. मग साध्या पाण्यातच सुमारे ७८ टक्के सिंग्लेट ऑक्सिजन त्याच्या तावडीत सापडतो. जड पाण्यात हे प्रमाण ९८ टक्क्यांवर जाईल, म्हणजे वाढ जेमतेम सव्वापट. स्थिरांक एक कोटी असता तर तीच वाढ दहापटीहून जास्त दिसली असती. चाचणी करायचीच असेल तर द्रावण चांगलं पातळ करून करा.

अझाइडचा प्रयोगही असाच फसवा. अझाइड सिंग्लेट ऑक्सिजन विझवतं हे खरं, पण ते लिगँडसुद्धा आहे, म्हणजे धातूला स्वतः जोडलं जाऊ शकतं! धातूवर जागा रिकामी असेल किंवा जुना लिगँड सहज निघत असेल, तर अझाइड तिथे जाऊन बसतं आणि अभिक्रिया मंदावल्याचं श्रेय भलत्याच कारणाला जातं. आधी अंधारात अझाइड मिसळून वर्णपट हलतो का ते बघा. माझा भरवसा त्याहून जास्त एंडोपरॉक्साइडवर (कड्यात ऑक्सिजनची जोडी पुलासारखी धरलेल्या संयुगावर) आहे. १,४-डायमिथाइलनॅफ्थलीनचं एंडोपरॉक्साइड मंद ऊब मिळाली की अंधारात सिंग्लेट ऑक्सिजन सोडतं. त्यातूनही तेच उत्पादन आलं, तर प्रकाशामुळे उद्भवणाऱ्या बाकीच्या शंका बाजूला पडतात. नुसतं सल्फिनेट मिळालं हा पुरावा नव्हे, कारण हायड्रोजन पेरॉक्साइडही थायोलेटला तिथेच नेऊन सोडतं.

रंगाची निवडही पाहून करा. रोझ बेंगाल ऋणभारित आहे. धनभारित कोबाल्ट कॉम्प्लेक्सशी त्याची जोडी जमली, तर ऑक्सिजनला ऊर्जा देण्याआधीच तो विझू शकतो. प्लॅटिनमच्या डायइमिन-डायथायोलेटांना तर रंगाचीही गरज नसते. ती स्वतःच प्रकाश शोषून सिंग्लेट ऑक्सिजन तयार करतात. त्यामुळे रंगाविना प्रकाशात ठेवलेला नमुना आणि पूर्ण अंधारातला नमुना, दोन्ही हवेतच.

वस्तुमानपटात ३२ ची वाढ दिसली की सगळे खूश होतात. पण एक सल्फिनेट आणि दोन सल्फेनेट (गंधकावर एकच ऑक्सिजन अणू), दोन्हींत वाढ ३२ चीच. दोन ऑक्सिजन अणूंऐवजी एका गंधक अणूची भर पडली तरी फरक केवळ ०.०१८ एककाचा, जो साध्या यंत्राला दिसतच नाही. उच्च विभेदनाचं मोजमाप आणि अवरक्त वर्णपट सोबत असू द्या. सल्फिनेटमध्ये गंधक-ऑक्सिजन बंधाचे दोन ठळक पट्टे दिसतात.

शेवटची चूक अगदी साधी, आणि म्हणूनच ती लक्षात येत नाही. हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात २५ अंशांना ऑक्सिजन जेमतेम ०.२६ मिलिमोलर असतो. बंद नळीत काठोकाठ ५ मिलिमोलर कॉम्प्लेक्स भरून प्रकाश दिला, तर पाच टक्क्यांच्या आसपास रूपांतर होऊन सगळं थंडावतं. मग उत्पादनच अभिक्रिया रोखतंय वगैरे चर्चा रंगतात. त्याआधी नळी उघडून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडा आणि दिवा पुन्हा लावून बघा.