परसात आपोआप उगवलेलं ओळखायचं कसं

जूनमध्ये परस खुरपून आरशासारखं चकाचक करणाऱ्यांनी हा लेख वाचून वेळ घालवू नये. बाकीच्यांसाठी सांगते. घरामागं, आडाच्या कडेला किंवा बोअरभोवती अर्धा गुंठा जरी मोकळी काळी माती असली तरी मृगापासून महालक्ष्म्यांपर्यंत तिथं आठ-दहा कामाच्या वनस्पती कुणी न लावता येतात. तरोटा (कुणी टाकळा म्हणतात), घोळ, तांदुळजा, कुंजीर, केना, आघाडा, पुनर्नवा आणि पाऊस सरत आला की पाथरी. परभणीजवळच्या आमच्या परसात वीस-बावीस वर्षं हेच बघतेय. बाजारातून भाजी आणतो तेव्हा ह्यातली निम्मी आपण पायाखाली तुडवून गेलेलो असतो.

आधी जागा राखा. चार खुंट्या, सुतळी, आत खुरपं नाही. न्हाणीचं साबणाचं पाणी जातं ती जागा नको, कुत्र्याचा कोपरा नको, डांबरी रस्त्याची कड तर नकोच. तणनाशक मारलेल्या जागेतलं त्या हंगामात तोंडात घालायचं नाही, शेळीलाही टाकायचं नाही. शेजारच्या सोयाबीनवर फवारणी चालू असताना वारा आपल्याकडं असेल तरी हेच. 'दोन पाण्यांनी धुतलं की निघतं' हे सांगणारे खूप भेटतील, त्यांच्या घरी जेवायला जाऊ नका.

एक तण मात्र राखीव जागेतूनही काढायचंच: गाजर गवत. हे आपल्याकडं पहिल्यांदा पुण्यात १९५५ साली दिसलं आणि आता त्याच्याशिवाय गाव राहिलेलं नाही. फुलावर यायच्या आत, ओल असताना, हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून मुळासकट उपटा. उघड्या हाताने उपटून कोपरापर्यंत खाज सुटलेली माणसं आमच्या गल्लीतच आहेत.

मग आधीपासून लावलेल्या झाडांकडं नीट बघा, कारण तीही आपण अर्धीच वापरतो. शेवग्याच्या शेंगा सगळे खातात. कोवळा पाला आणि फुलं किती जण खातात? हादग्याची फुलं तशीच गळून जातात. गोडलिंबाखाली, म्हणजे कढीपत्त्याखाली, त्याचीच पिलं फुटलेली असतात, ती पावसात उचलून दुसरीकडं लावा. बालाघाटाकडच्या घरांत सीताफळ हटकून असतं. फळ खा, पण वाळलेल्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावायचा जो घरगुती उपाय आहे, तो बंद करा. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते आणि दवाखाना गाठावा लागतो.

इथपर्यंत सगळं सोपं. आता अवघड गोष्ट, आणि ह्या लेखाचं कारणही तेच: तरोटा ओळखणं.

'त्यात काय अवघड, शेंबडं पोर ओळखतंय,' असं म्हणणारे कधी सूप घेऊन पाला खुडायला बसलेले नसतात. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी शहरातली पोर, मोठ्या हौसेनं परसातून सूपभर तरोटा खुडून आणला. आत्याबाई ओसरीवर निवडायला बसल्या. दोन-तीन शेंडे त्यांनी बाजूला ठेवले, मग आणखी चार. मला वाटलं, किडके असतील.

"हे काय गं आणलंस?"

"तरोटाच आहे की, आत्याबाई."

"तरोट्याला असं टोक असतंय का? हात लावून बघ."

मी बघितलं. त्यांनी बाजूला काढलेल्या शेंड्यांच्या पानांना खरंच टोक होतं, आंब्याच्या पानाला असतं तसं. सूपभर तरोट्यात मूठभर कासविंदा, म्हणजे तरोट्यासारखंच दिसणारं दुसरं झाड, आला होता. आत्याबाईंनी बहात्तरच्या दुष्काळात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीशी तरोटा खाऊन दिवस काढले होते, त्यांचा हात फसणं शक्यच नव्हतं. माझा फसला होता, कारण मी 'एका देठाला तीन जोड्या पानं असली की तरोटा' एवढंच ऐकून गेले होते.

ते वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त वाईट. तरोट्याच्या एका देठावर समोरासमोर तीन जोड्या, म्हणजे सहा छोटी पानं असतात, हे बरोबर. कासविंद्याला वाढल्यावर चार-पाच जोड्या होतात, हेही बरोबर. पण आपण भाजीला खुडतो ते चार बोटं उंचीचं रोप, आणि त्या वयात पहिली पानं दोघांचीही लहान आणि कमी जोड्यांची असतात. म्हणजे मोजून ओळखायची पाळी येते तेव्हाच मोजणी कामाची राहत नाही. भाजीचं वय निघून गेल्यावर मात्र जोड्या अगदी चोख मोजता येतात.

वासावरही जाऊ नका. कासविंदा जास्त उग्र असतो हे खरं, पण चुरगाळल्यावर तरोटाही काही मोगऱ्यासारखा दरवळत नाही. ज्याने दोन्ही शेजारी शेजारी चुरगाळलेत त्यालाच फरक कळतो, नव्याला दोन्ही घाणच वाटतात. फुलं दोघांची पिवळी. संध्याकाळी पानंही दोघं मिटतात.

मग बघायचं काय? दोन गोष्टी, आणि दोन्ही जुळल्याशिवाय खुडायचं नाही.

पहिली, पानाचं टोक. तरोट्याचं छोटं पान देठाकडं निमुळतं आणि टोकाकडं रुंद, गोलसर असतं, चमच्याच्या तोंडासारखं. कासविंद्याचं पान बुडाशी रुंद आणि टोकाला अणकुचीदार. हे अगदी लहान रोपातही दिसतं. शेंड्याचं मिटलेलं कोवळं पान बघू नका, त्याखालचं पूर्ण उघडलेलं बघा.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण तिने मला आजवर कधी दगा दिला नाही. एक अख्खं पान देठासकट तोडून उन्हाकडं धरा. तरोट्याच्या पानात सगळ्यात खालच्या जोडीच्या मधोमध, दोन पानं जिथं देठाला चिकटतात तिथं, टाचणीच्या टोकाएवढी उभी काडी दिसते, पिवळसर केशरी. पुष्कळदा वरच्या जोडीतही असते. कासविंद्याला तिथं काही नसतं. त्याची पुटकुळी देठाच्या पार बुडाशी, पान खोडाला लागतं त्या फुगीर जागेजवळ असते, आणि ती काडीसारखी नसून गोल, काळपट, मोहरीसारखी असते. एकदा बघितली की जन्मभर विसरत नाही. चष्मा असेल तर लावून बघा, मी लावते.

तिसरा एक भाऊबंद रस्त्याकडेला माजलेला असतो, त्याची पानं मखमलीसारखी केसाळ. हाताला लव लागली की सोडून द्या, तो तरोटा नाही.

एवढा कीस का काढायचा, तर कासविंदा चेष्टेवारी न्यायची गोष्ट नाही. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुलं दरवर्षी थंडीच्या तोंडावर आजारी पडून दगावत होती, मेंदूज्वर समजून उपचार व्हायचे. त्याचा संबंध कासविंद्याच्या शेंगांतल्या बियांशी आहे, हे तिथल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये मांडलं. ते विष यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर जातं. पोरं खेळता खेळता शेंगा फोडून बिया चघळतात. म्हणून माझ्या परसात तो फुलावर आलेला दिसला की त्याच दिवशी उपटते. शेंगांवरून मात्र दोघं लांबूनही वेगळे कळतात: तरोट्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली, कासविंद्याची चपटी, कडेला फिकट पट्टी असलेली.

नावावर विसंबू नका, हे तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. तरोटा आणि तरवड ही दोन वेगळी झाडं आहेत. तरवड म्हणजे माळावरचं पिवळ्याधमक फुलांचं झुडूप, त्याची साल कातडं कमवायला वापरायचे. धोतरा आणि पिवळा धोतरा ह्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, विषारी मात्र दोन्ही. एका गावात जे चिघळ, ते दुसऱ्या गावात घोळ. कुणी 'आमच्याकडं ह्याला अमुक म्हणतात' म्हणालं की मी विचारते, चला, दाखवा.

फोनवरच्या झाडं ओळखणाऱ्या ॲपचंही तेच. भाचीने कासविंद्यावर फोन धरला, ॲपने बेधडक तरोटा सांगितला. फोटो वरून काढलेला, पुटकुळी देठाच्या बुडाशी. ॲपला ती दिसणार कशी? नाव सुचवायला वापरा, ताटात वाढायला नको. अडलंच तर झाड मुळासकट उपटून वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि जवळच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या सरांकडं घेऊन जा. फूल किंवा शेंग असलेलं न्या, नुसती पानं नेली तर तेही हात टेकतात.

घोळीचं काम ह्यापेक्षा हलकं आहे. देठ मोडा. पाण्यासारखा रस आला, खोड लालसर मांसल, पान चमच्यासारखं आणि सकाळच्या उन्हात उघडणारं फूल पिवळं, तर घोळ. पांढरा चीक आला तर ती जमिनीला चिकटून पसरणारी दुधी, सोडा. फूल पांढरट गुलाबी आणि समोरासमोरच्या दोन पानांत एक मोठं, एक लहान असेल तर तीही घोळ नाही, कितीही मांसल दिसली तरी.

पण ह्यावरून 'चीक निघाला की विषारी' असा नियम करू नका. पाथरीलाही पांढरा चीक असतो आणि ती शेतात भाकरीबरोबर तिखटमीठ लावून कच्ची खातात. 'गाय खाते म्हणजे आपल्याला चालतं' हाही भ्रम, आणि 'आधी थोडं जिभेवर ठेवून बघा' हा तर सगळ्यात भिकार सल्ला. चव ही ओळखीची खूण नाही. गुंजेला आणि पिवळ्या कण्हेरीच्या बीला तुम्ही चव घेऊन ओळखणार आहात का? ओळख पटलेली नसेल तर ते झाड तोंडाजवळ न्यायचंच नाही.

औषधाचं मी सांगत नाही. कडुलिंबावर चढलेली गुळवेल आमच्याकडंही आहे, तिथंच राहू दे. कोरोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेल निर्दोष आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी. कुणाचंही खरं धरा, माझ्या दृष्टीने अर्थ एकच: काढा करायच्या आधी वैद्याला वेल दाखवा.

पहिल्यांदा खाताना एका दिवशी एकच भाजी, वाटीभर, शिजवून. दुसऱ्या दिवशीपर्यंत पोट काय म्हणतं ते बघा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी घोळ आणि तांदुळजा बेताने खावा, दोन्हींत ऑक्झलेट भरपूर.

करायची रीत सांगण्यासारखी नाही, कुणालाही येते: तरोटा उकडून, पाणी काढून, पिळून लसूण आणि मुगाच्या डाळीवर परतायचा, घोळीत तुरीची डाळ, कुंजीर नुसत्या तेल-मिठावर. बरोबर ज्वारीची भाकरी. चपातीबरोबर हे जमत नाही, असं माझं मत आहे.

आघाडा भाजीपेक्षा महालक्ष्म्यांना लागतो, त्यामुळं भाद्रपदापर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. तोवर कणसं आली की मात्र साडीला चिकटतात, मग वाटेवरचा काढून कडेचा ठेवते.

तरोट्याची चार-पाच दणकट झाडं खुडायची नाहीत. दिवाळीनंतर शेंगा वाळून तडकतात, बी त्याच मातीत पडतं. खुंट्या मी वर्षभर काढत नाही, नाहीतर उन्हाळ्यात कुणीतरी नेमकी तिथंच विटा रचून ठेवतं.