सरकारी दवाखान्यांची हेल्थ रेकॉर्ड जोडताय? मग या चुका टाळा

सरकारी पैशावर चालणारे दवाखाने एकमेकांना रेकॉर्ड पाठवायला लागले की सुरुवातीला सगळे खुश असतात, स्क्रीनवर काहीतरी दिसतंय ना. मग एखादी डॉक्टर विचारते, हे रिपोर्ट नक्की याच पेशंटचे आहेत का?

सगळ्यात घातक चूक हीच आहे. नाव आणि जन्मतारीख जुळली की झालं असं धरून पेशंट जुळवायचा प्रोग्राम लिहितात, पण ज्याला तारीख माहीत नाही त्याची काउंटरवर 1 जानेवारी टाकलेली असते, नावाचं स्पेलिंग दर ठिकाणी वेगळं, लग्नानंतर आडनाव बदललेलं, मोबाइल नंबर अख्ख्या घरात एकच, अशात दोन माणसं एक झाली की एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर दिसायला लागतो. त्यापेक्षा रेकॉर्ड न मिळालेलं परवडलं, डॉक्टर निदान पेशंटला विचारतात तरी. म्हणून आधी जुन्या डेटात 1 जानेवारीवाले किती आहेत ते मोजा. शंका असलेली जोडी माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या. आणि रेकॉर्ड कायमचं एकत्र करू नका, नुसती लिंक ठेवा म्हणजे चूक कळल्यावर सोडवता येते, फायर (FHIR, हेल्थ रेकॉर्ड एका सिस्टीमकडून दुसरीकडे पाठवायचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) मध्ये पेशंटच्या रेकॉर्डला त्यासाठी लिंकची सोय आहेच.

रिपोर्ट पोचतो पण कामाला येत नाही, ही तक्रार आली तर बहुतेक वेळा स्कॅन केलेली पीडीएफ जात असते. माणूस ती वाचेल, पण सिस्टीम मागच्या वर्षीची शुगर आजच्या शेजारी दाखवू शकणार नाही. टेस्टला लॉइंक (LOINC) कोड आणि आजाराला स्नोमेड (SNOMED) किंवा आयसीडी (ICD) कोड लावा, म्हणजे प्रत्येक टेस्टला आणि आजाराला सगळीकडे सारखाच ठरलेला कोड, आणि आकड्याबरोबर युनिट पाठवाच. 126 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि 7 मिलिमोल प्रति लिटर ही एकच शुगर आहे, नुसता 7 पोचला तर समोरच्याने काय समजायचं?

अ‍ॅलर्जीचा रकाना रिकामा म्हणजे अ‍ॅलर्जी नाही असं कधीच धरू नका! विचारलं आणि नाही म्हणाले, ही एक गोष्ट, विचारलंच नाही ही वेगळी, दोन्ही वेगळं साठवा.

एकच रिपोर्ट दोनदा दिसतोय? नेटवर्क तुटलं, सिस्टीमने परत पाठवला आणि समोरच्याने नवा समजून घेतला. रिपोर्ट तयार होतो तिथेच त्याला कायमचा आयडी द्या. लॅबने नंतर दुरुस्त केलेला रिपोर्टही त्याच आयडीवर नवीन व्हर्जन म्हणून जायला हवा, नाहीतर चुकीचा आकडा इतर दवाखान्यांत तसाच पडून राहतो.

पेशंटच्या परवानगीचं काम शेवटी बघू असं म्हणणाऱ्यांनी इंग्लंडची केअर.डेटा ही पेशंटची रेकॉर्ड एका ठिकाणी गोळा करायची सरकारी योजना आठवावी, लोकांना नीट समजावलं नाही म्हणून 2014 मध्ये थांबवावी लागली आणि 2016 मध्ये बंदच झाली. एस्टोनियात माझं रेकॉर्ड कोणी उघडलं हे नागरिक स्वतः बघू शकतो, ते मला फार योग्य वाटतं. इमर्जन्सीत परवानगीशिवाय उघडायची वाट ठेवा, पण कारण लिहून घ्या आणि नंतर कोणाकडून तरी ती नोंद तपासून घ्या.

आणि नर्सला केस पेपरवर एकदा, कॉम्प्युटरवर एकदा असं दोनदा लिहायला लावू नका. गर्दीच्या ओपीडीत दुसऱ्या वेळेला काहीतरी ठोकून दिलं जातं, आणि तेच मग सगळीकडे शेअर होतं.